कोटाच्या खिशातलं वऱ्हाड

उपदेशाचा पहिला मुद्दा सुरू झाला की तोंडात पेपरमिंट टाकायची, हा रिवाज मारिनुस बुकेस्टाइनच्या अंगात लहानपणापासून असा मुरला होता की पाळकांचा आवाज जरा चढला की त्याचा हात आपोआप खिशाकडे जायचा. डेल्फ्टच्या कालव्याकाठच्या त्या विटांच्या चर्चमध्ये सगळ्यांचेच हात जायचे. कागद कुरकुरायचे, बाकाबाकांतून वास दरवळायचा आणि मग कुठे मंडळी ऐकायला मोकळी व्हायची. आजही हात गेला. पण तो चुकून काळ्या कोटाच्या आतल्या खिशात गेला, आणि बोटांना पेपरमिंटच्या पुडीऐवजी काहीतरी गुळगुळीत, गोल आणि कोमट लागलं. त्याच्या स्वतःच्या छातीइतकंच कोमट. बाटली! काल संध्याकाळी काचघरात उघडायची होती ती बाटली. वर लाकडी व्यासपीठावर पाळक म्हणत होते की पेरणाऱ्याचा हात पेरतो आणि तिथेच थांबतो, पुढचं काम दुसऱ्या हाताचं. आणि खाली मारिनुसचा हात बाटलीवर थांबला होता, काढताही येईना आणि सोडताही येईना.

दिवस साधासुधा असता तर एक वेळ उठून गेला असता. पण हा मार्चमधला प्रार्थनेचा बुधवार, पिकासाठी आणि वर्षभराच्या कामासाठी देवाकडे तोंड वेंगाडायचा दिवस. या दिवशी त्याच्या वडिलांनी कधी फावड्याला हात लावला नव्हता, आजोबांनी कधी गाईच्या दाव्याला लावला नव्हता. पीक कुणाचं, हे वर्षातून एकदा तरी हात बांधून कबूल करायचं. आणि पीक तिकडे, बसने अर्ध्या तासावर, डे लीर गावच्या काचघरात मरत होतं. ढोबळी मिरचीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा बसला होता, हिरवा, ओलसर, एकाला एक चिकटून. त्याचा चिकटा पानापानांवर गळत होता आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी चढायला लागली होती. असली मिरची बाजारात कुणी हातात धरत नाही. फेब्रुवारीपासून तीनदा मावा मारणाऱ्या इवल्या गांधीलमाश्यांच्या बाटल्या आल्या, तीनदा मारिनुसने त्या ओळीओळीने पानांवर शिंपल्या, जसा तो तीस वर्षं शिंपत आला होता. तीनदा काही झालं नाही. काल ही चौथी बाटली त्याने गाडीतून उतरवली, थंडी लागू नये म्हणून नेहमीसारखी छातीशी ठेवली, आणि तेवढ्यात रूलीन समोर आली. रूलीन त्याची मुलगी, काचघर आता तिच्या नावावर.

"बाबा, शुक्रवारी फवारणीवाला येतोय. सांगून ठेवलंय मी त्याला."

"फवारणी केलीस तर यातली एकही जगणार नाही. आत्ताच्याही नाहीत आणि पुढच्याही नाहीत. सगळं वर्ष फवारत बसावं लागेल."

"आणि नाही केली तर मिरचीच राहणार नाही. मग तुमच्या माशा काय माझ्या डोक्यावर बसवू?"

"तुझ्या आईने तीस वर्षं या घरात विषाचा थेंब येऊ दिला नाही, रूलीन."

"आईचं नाव मध्ये आणू नका. आई असती तर तिने आधी झाडांकडे बघितलं असतं."

मंडळीतल्या एका आजारी बाईला भेटून तो परस्पर तिकडे गेला होता, म्हणून अंगात हाच काळा कोट होता. तसाच तो पाठ फिरवून बसथांब्याकडे चालत सुटला. रागात माणसाला स्वतःचा श्वास आठवत नाही, तिथे बाटली काय आठवणार. रात्रभर कोट दारामागच्या खुंटीवर, गरम पाण्याच्या नळ्यांशेजारी लटकला होता. बाटलीत भुशामध्ये ममी असतात. म्हणजे ज्या माव्याच्या पोटात गांधीलमाशीने अंडं घातलं त्या माव्याची फुगून, वाळून, कागदासारखी सोनेरी झालेली खोळ. त्या खोळीतून वाटोळं झाकण कापून नवी माशी बाहेर येते. ऊब मिळाली की येतेच. म्हणजे त्या रात्रीच बाहेर आल्या असणार, आणि आता या क्षणी त्याच्या बरगड्यांपासून बोटभर अंतरावर अंधारात एकमेकींवर चढत, धडपडत, गुदमरत असणार. झाकणाला बारीक जाळी होती खरी. पण जाळीवर अस्तर, अस्तरावर लोकर, आणि लोकरीवर मारिनुसचा हात. त्याने हात काढला. मग कोट जरा सैल केला. मग पुन्हा हात ठेवला, कारण न ठेवून राहवेना.

शेजारच्या ह्यूबर्टने कोपर मारलं. ह्यूबर्ट त्याचा शाळेपासूनचा सोबती, कानाने अधू, त्यामुळे त्याची कुजबूज तीन बाकांना ऐकू जायची.

"काय रे, छातीत दुखतंय?"

"नाही. गप्प बस."

"डावीकडे धरलंयस म्हणून विचारलं. कोर्निलनेही असंच धरलं होतं, शेवटच्या स्तोत्राच्या आत आटोपला."

"ह्यूबर्ट, माशा आहेत."

"काय आहेत?"

"खिशात माशा आहेत!"

ह्यूबर्टने त्याच्याकडे बराच वेळ दयेने पाहिलं आणि आपल्याकडची एक पेपरमिंट काढून त्याच्या तळव्यावर ठेवली. पुढच्या बाकावरची बाई न वळताच ताठ झाली. मारिनुसने गोळी तोंडात टाकली आणि डोळे वर केले.

वर पाळक आता सुरात आले होते. त्यांच्या आधीच्या पाळकांची ही रीत होती, त्यांच्याही आधीच्यांची, आणि शहरातल्या इतर चर्चमधली शिकलेली माणसं हिला हसायची. पण मारिनुसचा जीव तिथेच गुंतायचा. सुरुवातीला बोलणं नुसतं बोलणं असतं. मग एका वाक्याचं शेपूट जरा लांबतं, दुसऱ्याचं त्याहून लांबतं, आवाज दोन पायऱ्या चढतो, एक उतरतो, आणि बघता बघता उपदेशाचं गाणं होतं. कुणी ठरवलेलं नाही, कुठे लिहिलेलं नाही, पण अर्थ आता कानातून न येता छातीच्या भात्यातून येतो. लहान असताना तो आईच्या मांडीशी टेकून हा सूर ऐकायचा आणि शब्दांचं एक अक्षर न कळता रडायला यायचं. आज त्या सुराला बोटांखाली साथ होती. बाटलीत काही थरथरत होतं की त्याचंच काळीज, हे त्याला ठरवता येईना. नर पंख फडफडवतात, हे त्याला ठाऊक होतं. मादीचा वास लागला की नर तिच्या मागे उभा राहतो, पंख उभे करून ते असे वेगाने हलवतो की ते दिसेनासे होतात. त्याच्या बायकोने, लाइस्बेतने, हे पहिल्यांदा भिंगातून पाहिलं तेव्हा ती काचघराच्या मधोमध बसून हसली होती. "हा तर गातोय गं बाई!" ती म्हणाली होती. "अगदी तुझ्यासारखा, मारिनुस. आधी एवढा गाजावाजा, आणि मग दोन मिनिटांत झोप." आणि तो लाजून टोमॅटोच्या ओळीत शिरला होता. पुढे तीच सांगायची, येणाऱ्याजाणाऱ्याला, पाळकांच्या बायकोलासुद्धा: मादी एकदाच वरते. एकदा झालं की दुसरा कितीही गाऊ दे, ती पाय झाडून निघून जाते. तिला पुढचं काम असतं.

लाइस्बेतचे हात. उपदेशाच्या दुसऱ्या मुद्द्यात तो तिच्या हातांपाशी जाऊन पोचला. फवारणीच्या दिवसांत तो काचघरातून बाहेर आला की ती त्याचे कपडे काठीने उचलायची आणि वेगळ्या टपात धुवायची, तरी तिच्या बोटांची सालं निघायची. वाढदिवसाला कुणाशी हात मिळवायचा तर ती हातमोजे घालायची आणि थंडीचं कारण सांगायची. मग एका वसंतात तिने कुठूनशी पहिली बाटली आणली. शेजारी हसले, त्याचा बाप तर जेवायचा थांबला: इतकी वर्षं किडे मारायला पैसे मोजले, आता सून किडे विकत आणते! ती म्हणाली, "मामंजी, देवाच्या स्वयंपाकघरात डोकावू नये. ताटात येईल त्याला हात जोडावेत." तिला हे म्हणणं सोपं होतं, त्याला जड गेलं. कारण त्याने भिंगातून डोकावलं होतं. जिवंत माव्याच्या पोटात अंडं, अंड्यातून अळी, अळी त्याला आतून खात जाते आणि तो बिचारा वरून पानाचा रस पीत राहतो. कुणी बनवलं हे? ज्याच्यापुढे आपण पिकासाठी हात बांधतो, त्यानेच? या प्रश्नाला त्याला उत्तर कधी मिळालं नाही. आजही, पाळकांचा सूर छताला लागलेला असताना, तो प्रश्न तिथेच होता, खिळ्यासारखा. पण उन्हाळा सरता सरता लाइस्बेतने आपला उघडा हात त्याच्यासमोर धरला होता, नवी कातडी आलेला, गुलाबी, आणि त्याने तो गालाला लावला होता. उत्तर नव्हतं, हात होता. तो तीन वर्षांपूर्वीपर्यंत होता.

आणि हे सगळं शुक्रवारी संपणार. त्याला राग येईना, नुसती पोकळी वाटायला लागली. रूलीनचं काय चुकलं? तीन बाटल्या वाया गेल्या होत्या हे खरंच होतं. कीड-सल्लागार हिल्डे मागच्या आठवड्यात येऊन गेली. तिने तिसऱ्या बाटलीनंतर पानांवर तयार झालेल्या थोड्या ममी डबीत ठेवून त्यांतून निघालेल्या माश्या बघितल्या आणि डोकं हलवलं. "मारिनुसकाका, सगळे मुलगे आहेत हो." त्याला पुढचं सांगायला नको होतं. या जातीत आईला नर भेटला तर पोटी मुलीही होतात, मुलगेही. नाही भेटला तरी ती अंडी घालायची थांबत नाही. घालतेच, पण त्यांतून फक्त मुलगे निपजतात. मुलगे गातात, उडतात, मरतात. मावा मारायला अंडी घालणारी मुलगी लागते. मुली नाहीत म्हणजे पुढची पिढी नाही. "एवढं मोठं काचघर," हिल्डे म्हणाली होती, "रात्री गारठा, माश्या विखुरलेल्या. नरांना नवऱ्या सापडत नसतील. किंवा दुसरं काही असेल. कोण जाणे." मारिनुसला तेव्हा वाटलं होतं, त्याच्याच घराचं कुणीतरी वर्णन करतंय: मोठी रिकामी जागा, गारठा, आणि कोण कुठे आहे हे कुणाला माहीत नाही.

लांब प्रार्थनेसाठी मंडळीतले पुरुष उठून उभे राहिले, बायका बसल्या जागी वाकल्या, आणि सगळ्यांचे डोळे मिटले. मारिनुसने मिटले नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने, मंडळीच्या निवडलेल्या वडीलधाऱ्याने, प्रार्थनेच्या दिवशीच्या प्रार्थनेत डोळे उघडे ठेवले. लाज वाटली, अगदी शाळेतल्या पोरासारखी, पण त्याने कोटाची कड बाजूला केली आणि बाटली अर्धी वर काढली. खिडकीतून मार्चचं पांढरं ऊन तिरकं येत होतं.

त्या मेल्या नव्हत्या. बाटलीची आतली बाजू त्यांनी काळी झाली होती. मिरीच्या दाण्याच्या चतकोराएवढ्या, सडपातळ, लांब मिशांच्या. आणि त्या गुदमरत नव्हत्या, धडपडत नव्हत्या. भिंग नव्हतं, पण त्याच्या डोळ्यांना तीस वर्षांची सवय होती. इथे एक मादी स्थिर उभी, तिच्या मागे नर, आणि नराच्या जागी पंखांचा नुसता धुरकट ठिपका. तो गात होता. तिथे दुसरा चढलेला, आपल्या मिशांनी तिच्या मिशांवर हलके टकटक करत, जणू दारावर. तिने मिशा खाली केल्या, मान झुकवली, आणि तो मागे सरकून वाकला. पलीकडे अजून एक जोडी. कोपऱ्यात एकीने एकाला लाथ मारून उडवलं. हिचं झालेलं असणार. जिथे बघावं तिथे लग्न. रात्रभर, अंधारात, भिंतीला भिंत लागून, कुणाला कुणी शोधावं लागलं नव्हतं. त्याच्या रागाने, त्याच्या विसराळूपणाने, त्याच्या म्हाताऱ्या छातीच्या उबेने खिशात वऱ्हाड जमवलं होतं! वर पाळक विनवत होते, आमच्या हातून जे राहून गेलं त्यातूनही तू दे. मारिनुसच्या घशातून एक आवाज निघाला. तो हुंदका होता की हसू, हे ह्यूबर्टलाही कळलं नाही. त्याने डोळे न उघडताच मारिनुसचा दंड घट्ट धरला आणि प्रार्थना संपेपर्यंत सोडला नाही.

चर्चनंतरच्या कॉफीला तो थांबला नाही. बस कधी आली, कालवे आणि कुरणं कधी मागे पडली, त्याला कळलं नाही. बाहेर काचेची छतं उन्हात समुद्रासारखी पसरली तेव्हा तो उठून दाराशी उभा होता. थांब्यापासून रस्त्याने वळसा पडतो. तो बांधावरून गेला. रात्रीच्या पावसाने बांध निसरडा झाला होता, चर्चचे बूट घोट्यापर्यंत रुतत होते, आणि तरी आपण चालत नसून धावतोय हे त्याला काचघराच्या दाराशी धाप लागल्यावरच कळलं. रूलीन आत उभी होती, हातात कात्री.

"बाबा! अहो काय झालं? बसा आधी."

"बसायला वेळ नाही. मावा कुठे जास्त आहे?"

"सगळीकडेच आहे, निवडा हवा तिथला. आज प्रार्थनेचा दिवस ना? आज कामाला हात लावायचा नसतो म्हणून मला लहानपणी सायकलसुद्धा पुसू दिली नव्हती तुम्ही."

"काम करत नाहीये. झाकण काढतोय."

"देवाला चालेल?"

"त्याच्याच चर्चमधून आणल्यात."

त्याने झाकण काढलं. त्या एकदम उडाल्या नाहीत. कडेवर आल्या, मिशा पुसल्या, आणि मग एकेक करून हवेत विरघळल्या. एक तिथल्याच पानावर उतरली. रूलीनने, नको नको म्हणत, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. लहानपणी ती लाइस्बेतच्या कडेवरून असंच बघायची.

"हुंगतेय," ती म्हणाली. "मिशांनी. हा मावा नको म्हणाली. का गं सोडलास?"

"त्याच्यात कुणाचं तरी अंडं आधीच असेल. कळतं तिला. बहुतेक वेळा दुसरीच्या घरात घालत नाही."

"शहाणी आहे. आता दुसऱ्याकडे... थांबा. वाकली!"

ती कशी वाकते हे मारिनुसला बघायची गरज नव्हती. पोटाचं टोक स्वतःच्याच पायांमधून खाली, मग पुढे, डोक्याच्याही पुढे, आणि क्षणात टोचून मागे. माव्याने एकदा पाय झाडला आणि तो पुन्हा रस पिऊ लागला. रूलीन भिंग खाली करून म्हणाली, "शुक्रवार शुक्रवारच आहे हं बाबा." तो म्हणाला, "माहीत आहे." आणि बूट पुसायला बाहेर गेला.

शुक्रवारी फवारणीवाला आला नाही. रूलीन म्हणाली, त्याचा पंप बिघडलाय. पुढच्या आठवड्यातही पंप बिघडलेलाच होता. मारिनुसने जास्त विचारलं नाही. दैवाला खोदून विचारू नये. ते दिवस त्याला कठीण गेले. रोज बसने यायचा, पानं उलटून बघायचा, मावा तसाच, उलट जास्तच. रोज वाटायचं, आज रूलीन बोलेल, आज म्हणेल, पुरे झालं. ती चिकटलेले शेंडे गुपचूप खुडून पिशवीत भरायची. मग एका सकाळी एका पानाच्या पाठीवर एक सोनेरी दाणा दिसला. दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती मूठभर. आठवड्याने ओळीच्या ओळी उन्हात अशा दिसायला लागल्या जसा कुणी त्यांच्यावर कोंडा उधळलाय. हिल्डे आली, तिने डबीत ठेवून बघितल्या, आणि वर न बघताच म्हणाली, "मुली, काका. निम्म्याहून जास्त मुली." मारिनुस तिच्याशी हात मिळवायला पुढे झाला आणि ते विसरून पालथ्या घातलेल्या क्रेटवर बसला.

पहिली तोडणी एप्रिलच्या सुरुवातीला झाली. दुपारी दोघं ओळीच्या टोकाला पावाची पुडी सोडून बसली, मध्ये लोणी, चीज, कॉफीची किटली.

"देवाने तो पंप बरा बिघडवला," मारिनुस म्हणाला. "मी रोज त्याचे आभार मानतो."

रूलीन पावाला लोणी लावत होती. सुरी थांबली. "पंप बिघडला नव्हता, बाबा."

"म्हणजे?"

"तुम्ही आलात ना त्या दिवशी, त्याच दुपारी मी त्याला फोन करून येऊ नको म्हटलं."

"पण तेव्हा तर पानावर काहीच दिसत नव्हतं."

"पानावर नव्हतं. बांधावर दिसलं. काळा कोट, एवढा चिखल, आणि छातीवर हात. मला वाटलं, गेले हे आता. मग जवळ आलात तर तोंडावर हसू." तिने सुरीवरचं लोणी पावाच्या कडेला पुसलं. "तुम्ही कधी धावत नाही, बाबा. आई गेली त्या दिवशीही हॉस्पिटलात चालत आला होतात."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. मारिनुसने किटलीचं झाकण नीट बसवलं, जे आधीच नीट बसलेलं होतं. "मग मला पंपाचं का सांगितलंस?"

"तुम्हाला कुणाचे तरी आभार मानायचे होते. पंपामागे देव बसलेला चालतो तुम्हाला. माझ्यामागे तुम्ही त्याला बसू दिलं नसतंत."

काचेवरून ढगाची सावली सरकत गेली आणि मिरचीची पानं एकेक करून पुन्हा उजळली. किती वर्षं तो जेवणापूर्वी तिच्यासाठी मागत आला होता: तिला परत आण, तिचं मन वळव, तिला चर्चच्या दारात उभं कर. मोठ्याने नाही, पण तिला ऐकू जाईल असं. त्याने हात जोडले, डोळे मिटले. रूलीनने नेहमीप्रमाणे मिटले नाहीत, पण सुरी खाली ठेवली. रोजच्या भाकरीबद्दल तो बोलला, उन्हाबद्दल बोलला, आणि जिथे रोज तिच्यासाठीचं मागणं यायचं तिथे येऊन अडकला. मग म्हणाला, "आणि रूलीनबद्दल, तुझे आभार." आणि त्याला पुढचं काही सुचेना.

"झालं असेल तर आमेन म्हणा," रूलीन म्हणाली. "आणि लोणी इकडे सरकवा."